हॉस्टेलमागचे कँटिलिव्हर

आपल्या हॉस्टेल आणि मेसच्या मधली ती चिंचोळी पट्टी तुम्हाला माहीतच आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिथे गाजरगवत, फुटक्या बादल्या आणि वरच्या मजल्यावरून पडलेले मोजे याशिवाय काही उगवत नव्हतं. "इथे पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करू," असं ठरत आलं होतं. "पट्टी फुललेली दिसली तर राहील," असं रेक्टर सर म्हणाले आणि आम्ही चार-पाच जण कामाला लागलो. आता आमचं शेवटचं वर्ष. पुढच्या जुलैत कुणी बी टाकलं नाही, तर पेव्हर ब्लॉकवाले येणार हे नक्की. म्हणून हा लेखप्रपंच.

पहिला प्रश्न : लावायचं काय? गुलाब, मोगरा चांगलेच, पण त्यांना वर्षानुवर्षं सांभाळणारा माणूस लागतो. आपण पडलो सेमिस्टरवाले. आपल्याला हवं एका हंगामात उगवून, फुलून, बी देऊन मोकळं होणारं झाड, आणि तेही उंच, म्हणजे मेसची ती काळवंडलेली भिंत झाकली जाईल. अशी चार नावं सांगतो : उंच जातीचा झेंडू, झिनिया, कॉसमॉस आणि टिथोनिया. झेंडू, झिनिया तीन फुटांपर्यंत जातात, कॉसमॉस चार-पाच फूट आणि टिथोनिया तर आपल्या डोक्यावरून बघतो.

गंमत म्हणजे हे चौघेही मूळचे मेक्सिकोकडचे. 'आफ्रिकन' म्हणून विकला जाणारा झेंडूसुद्धा! आपण दसऱ्याला दाराला झेंडूचं तोरण लावतो, तर मेक्सिकोत नोव्हेंबरच्या सुरुवातीला पूर्वजांच्या स्मरणासाठी झेंडूच वाहतात. मध्य मेक्सिकोत पाऊस उन्हाळ्यातच पडतो, साधारण जून ते ऑक्टोबर. म्हणजे आपल्यासारखाच. ही झाडं आपल्याकडे इतकी रुळली त्यामागे हे एक मोठं कारण आहे. आणि झिनिया तर २०१६ च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातही फुलला होता. तिथे जमलं, मग आपल्याला मेसमागे का जमू नये?

आता कृती. हॉस्टेलजवळची जमीन म्हणजे मुरूम, खडी आणि बांधकामाचा राडारोडा. तो वेचून टाका, वीतभर खोल खणा, शेणखत मिसळा आणि सहा इंच उंच गादीवाफा करा. पावसाचं पाणी मुळाशी साचलं की रोपं कुजतात, हे लक्षात ठेवा. मेसमधली चहाची पावडर चालते, पण आधी धुऊन घ्या, नाहीतर साखरेमुळे मुंग्यांचं संमेलन भरेल. दिवसातून सहा तास तरी ऊन हवंच. सावलीत झाड उंच होतं खरं, पण ती उंची म्हणजे नुसता उजेडाचा शोध; खोड लुळं राहतं. युरियाचा मोह टाळा. नत्र जास्त झालं की पानांचं जंगल होतं, आणि फुलं नावाला.

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात बी टाकलं तर आठवड्याभरात उगवतं आणि साधारण दोन महिन्यांत, म्हणजे दसऱ्याच्या आधी, फुलं सुरू होतात. सप्टेंबरमध्ये दुसरी खेप टाका, ती थंडीत फुलते. दोन रोपांत किमान एक फूट अंतर ठेवा, टिथोनियाला दोन. कॉसमॉस आणि झेंडू दिवस लहान होऊ लागले की लवकर कळ्या धरतात, म्हणून रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली त्यांना लावू नका.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा. इथे नव्या मंडळींचा जीव खालीवर होतो. पण त्यामागे शास्त्र आहे. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन नावाचं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे फुटतात आणि एका फांदीच्या जागी चार-सहा फांद्या येतात. झेंडूचा खुडलेला शेंडा ओल्या वाळूत खोचला तर त्यालाही मुळं फुटतात. फुकटात दुसरं रोप!

आता आपल्या शाखेचा विषय. उंच झाड म्हणजे जमिनीत रोवलेला कँटिलिव्हर. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. त्यात फुलांचा भार वरच्या टोकाला, म्हणजे सगळ्यात जास्त बेंडिंग मोमेंट बुंध्याशी. परतीच्या पावसात झाडं तिथेच मोडतात किंवा उपटून येतात. म्हणून रोप लहान असतानाच शेजारी काठी रोवा. नंतर रोवली तर मुळं तुटतात. बांबू, मोडक्या झाडूचा दांडा, पडद्याची जुनी सळई, काहीही चालतं. सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, जरा सैल बांधा. खोड थोडं हलत राहिलं तर ते आपोआप जाड होतं. करकचून आवळलं तर काठीच्या जिवावर जगतं.

फुलं महिनोन्‌महिने हवी असतील तर सुकलेलं फूल दिसताक्षणी कापायचं. हंगामी झाडाचं एकच ध्येय असतं : बी. बी धरू लागलं की झाडाचं अन्न तिकडे वळतं आणि नव्या कळ्या कमी होतात. आपण फूल कापत राहिलो की झाड पुन्हा प्रयत्न करतं. जर्नल परत आलं की आपण पुन्हा लिहितो ना, अगदी तसं! म्हणून खोलीत ठेवायला फुलं बिनधास्त तोडा, झाडाचा फायदाच आहे.

झिनियाच्या पानांवर पिठासारखी भुरी आली तर ती पानं काढून टाका आणि पाणी पानांवर न घालता बुंध्याशी घाला. मावा दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी फवारायचं.

डिसेंबरच्या परीक्षेआधी मात्र चांगल्या झाडांची काही फुलं न कापता वाळू द्या. झिनिया, झेंडूचं बी पाकळीच्या बुडाशीच मिळतं. सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको. संकरित बियाणं असेल तर पुढची पिढी हुबेहूब तशीच येईल असं नाही, पण फुलेल नक्की.

यंदाची पाकिटं नाव आणि महिना घालून आम्ही मेसच्या ऑफिसातल्या कपाटात ठेवतोय. खुरपं आणि झारी माळीमामांकडे आहे, मागितलं की देतात. जुलैत फक्त दोन जणांनी रोज पंधरा मिनिटं काढायची आहेत. नावं कुणाची लागणार, तेवढं सांगा.