उलट्या धडाक्यानंतर मोटारीची तपासणी

थंडीच्या सकाळीं जुन्या 'पोर्शे ९११' गाडीचा मालक किल्ली फिरवितो, इंजिन एकदोनदां कुरकुरतें, आणि मागल्या बाजूनें बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज येतो. त्यानंतर इंजिन एक तर चालूच होत नाहीं, किंवा चालू झालेंच तर दमेकऱ्यासारखें धापा टाकूं लागतें. इंजिन फुटलें काय, ही मालकाच्या मनांतील पहिली धास्ती. बहुधा तें फुटलेलें नसतें. फुटलेली असते ती त्यावरची प्लॅस्टिकची हवापेटी.

धडाका दोन परींचा असतो, हें श्रोत्यांनीं आधीं ध्यानांत घ्यावें. न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींत जाऊन पेटलें तर आवाज मोठा होतो, पण झालेंच तर नुकसान सायलेन्सरचें. दुसरा धडाका उलटा. मिश्रणांत पेट्रोल कमी पडलें म्हणजे तें सावकाश जळतें. पुढची हवा घेण्यासाठीं झडप उघडते तेव्हांहि ज्योत विझलेली नसते, आणि ती उघड्या झडपेंतून मागें शिरते. ठिणगीची वेळ चुकली तरीहि हेंच घडतें.

१९७४ ते १९८३ या काळांतील बहुतेक ९११ गाड्यांत बॉश कंपनीची 'के-जेट्रॉनिक' ही पेट्रोल पुरविण्याची योजना होती. आंत येणारी हवा एका चकतीला ढकलते, आणि चकती जितकी सरकेल तितकें पेट्रोल सहा सिलिंडरांस वांटलें जातें. चकतीच्या पुढें ही पेटी. इंजिन थंड असतांना एक जादा फवारा याच पेटींत पेट्रोल उडवितो. म्हणजे ज्योत मागें आली कीं तिला भक्ष्य तयारच! पेटीचा सांधा उकलला कीं जकातीचा नाका चुकवून माल गांवांत शिरावा तशी न मोजलेली हवा आंत शिरते, आणि मिश्रण आणखीच पातळ होतें.

यावर पुष्कळजण प्रथम मिश्रणाचा स्क्रू पिळूं लागतात. ही मोठी चूक होय. गळती तशीच राहते आणि मूळची जुळणीहि हातची जाते. त्यापेक्षां इंजिन मंद चालत असतांना तेल भरण्याचें झांकण काढून पाहावें. तेलटाकीची वाफ हवामार्गांत सोडलेली असल्यामुळें, निरोगी इंजिन झांकण काढतांच अडखळतें, कधीं बंदहि पडतें. कांहींच फरक पडला नाहीं, तर हवा आधींच कोठून तरी शिरत आहे असें समजावें. मात्र एवढ्यावरून पेटीलाच दोष देतां येत नाहीं. रबरी जोडनळ्या निसटलेल्या असूं शकतात, फवाऱ्यांचीं रबरी कडीं वाळलेलीं असूं शकतात. म्हणून इंजिन बंद ठेवून हवामार्गांत हलक्या दाबानें धूर सोडावा. जेथून धूर बाहेर येईल तेथें गळती. कोणी तापल्या इंजिनावर ज्वालाग्राही द्रव फवारून गळती हुडकतात. त्यांत गाडीच पेटण्याचें भय आहे.

चकतीहि तपासावी. धक्क्यानें ती वांकली किंवा मध्यापासून सरकली, तर कडेला घासते आणि नवी पेटी बसवूनहि इंजिन सुधारत नाहीं.

पेटी काढणें किचकट असतें. कित्येक मिस्त्री त्यासाठीं इंजिन थोडें खालीं उतरवितात. एवढा खटाटोप करून मूळ कारण न शोधणें म्हणजे दुसऱ्या धडाक्यास आमंत्रणच. ठिणगीची वेळ, पेट्रोलचा दाब आणि सिलिंडरांतील दाब हीं तिन्ही मोजलीं पाहिजेत. झडप नीट बसत नसेल तर ज्योत तेथूनच मागें येते. नव्या पेटीला स्प्रिंगचें एक झांकण बसवून घ्यावें. पुन्हां धडाका झालाच तर तें क्षणभर उघडतें आणि पेटी वांचते; पण तें परत घट्ट मिटलें कीं नाहीं, हें बोटानें दाबून पाहावें. आणि थंड इंजिन सुरू करतांना ॲक्सिलरेटरवर पाय ठेवूं नये.