जामीन आणि साक्षीदाराचा मुचलका

1897 साली राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांच्या जामिनासाठी ज्या दिनशा दावरांनी बॅरिस्टर या नात्याने युक्तिवाद केला आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी ज्यांचा अर्ज मान्य केला, त्याच दावरांनी 1908 साली न्यायासनावरून, बॅरिस्टर जिनांचा अर्ज फेटाळून, टिळकांना जामीन नाकारला. इतका हा विषय न्यायाधीशाच्या विवेकावर सोपविलेला होता.

साक्षीदाराची हकीकत मात्र क्वचितच कोणी सांगतो. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे, शिरगाव-बदलापूरकडील एखाद्या कुळाने गुन्हा पाहिला, की भातलावणी टाकूनही ठरल्या तारखेस मॅजिस्ट्रेटसमोर हजर राहण्याचा मुचलका पोलीस अंमलदार त्याच्याकडून लिहून घेई. त्याला शिपायाबरोबर चालविण्यास, विनाकारण अडकवून ठेवण्यास, किंवा जातमुचलक्याखेरीज अन्य तारण मागण्यास कलम 171 ने मज्जाव केला होता, हे त्या कायद्याचे खरे औदार्य. परंतु मुचलका देण्याचे नाकारताच निरपराध साक्षीदारासही पहाऱ्यात धाडण्याची मुभा त्याच कलमाने दिली होती, आणि ती मला आजही अन्यायाचीच वाटते. गैरहजर राहिल्यास मुचलक्याची रक्कम मागितली जाई, ती न भरल्यास जंगम मिळकतीवर जप्ती येई, आणि जप्तीनेही न भागल्यास सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग.