‘कोणावर गेला?’

देवपुरातील एखाद्या घरी शाळेची तक्रार येते: नातू वर्गात क्षणभर स्वस्थ बसत नाही, वही अपुरी ठेवतो. मग ‘खाण तशी माती’ म्हणत बोट बहुधा सुनेच्या माहेराकडे वळते. संशोधनाने या बोटाला आधार दिलेला नाही.

अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे खरे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून तो सुमारे ७४ टक्के निघतो. मात्र हा आकडा समूहातील फरकांचा आहे, एकट्या बालकाचा नव्हे. एकच दोषी जनुक शोधण्याचे प्रयत्न फसले. २०२३ साली ३८,६९१ रुग्णांच्या जनुकसंचाची हा विकार नसलेल्यांशी तुलना झाली, तेव्हा २७ जागा हाती लागल्या. प्रत्येकीचा परिणाम किंचित. असे हजारो बारीक फरक आईकडून येतात, तसेच वडिलांकडूनही. शिवाय ते रुग्ण युरोपीय वंशाचे होते. रक्त तपासून या विकाराचे निदान होत नाही; त्यासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.

आजी-आजोबांची आठवण मात्र मोलाची. ‘याचा बापही जेवताना ताटावर टिकत नसे’ हे वाक्य घरात टोमणा ठरते, डॉक्टरांपुढे तीच उपयुक्त माहिती असते. मुलाची झोप, दृष्टी आणि श्रवणही तपासून घ्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शासकीय शाळांत येतात, त्यांना जरूर विचारावे. सहा वर्षांखालील मुलांसाठी पहिला उपचार औषध नसून पालकांचे प्रशिक्षण असते. त्या बैठकीला आजीनेही जावे.