सुई टोचताना कोण बोलतं?

भोर-वेल्ह्याच्या कुठल्याही अंगणवाडीत मी यंत्रमानव पाहिलेला नाही. तरी दोन वर्षं मी त्याच्याबद्दल वाचतो आहे आणि लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीच्या ओट्यावर बसून पोरं बघतो आहे. हा माझ्या शिक्षणाचा विषय नाही. वाचत गेलो, विचारत गेलो.

कॅनडातल्या कॅलगरीत फ्लूची लस टोचताना ‘नाओ’ नावाचा दोन फुटी यंत्रमानव मुलांशी बोलत राहिला. चार ते नऊ वर्षांच्या त्या मुलांना त्रास कमी झाला, असं २०१३ साली प्रसिद्ध झालं. तिथे एका वेळी एकच मूल. आमच्या गुंजण मावळात ओट्यावर दहा-बारा असतात. पहिलं रडलं की रांग रडते. मूल आजीच्या मांडीवर आणि आशाताई म्हणते, “त्यो बघ कावळा!”

म्हणजे इथे यंत्राला मांडीसकट मुलाशी बोलावं लागेल. हे मला माझ्याच फजितीतून कळलं. पाच वर्षांच्या एका पोरासमोर मी मोबाइलमधला बोलणारा सहायक ठेवला. त्यानं शुद्ध मराठीत विचारलं, “आपलं नाव काय?” (आपलं म्हणजे कुणाचं, हाही प्रश्नच.) पोरानं आजीकडे पाहिलं. आजी म्हणाली, “सांग की रं.” यंत्रानं तेच नाव धरलं! परक्याला उत्तर देण्याआधी मोठ्यांकडे बघायचं, ही इथली रीत. यंत्राच्या लेखी ती नुसती शांतता.

यावरून आपल्याकडची मुलं लाजरी ठरवाल तर फसाल. पाकिस्तानी आणि डच मुलं ‘आयकॅट’ या मांजरतोंड्या यंत्रासोबत पत्ते ओळखण्याचा खेळ खेळली, तेव्हा पाकिस्तानी मुलंच जास्त खुलली. दोन्हीकडे यंत्र एकट्यानं खेळण्यापेक्षा बरं, पण मित्रापेक्षा कमीच ठरलं. जपान्यांना यंत्रमानव उपजतच आवडतात, ही समजूतही बार्टनेक आणि सहकाऱ्यांच्या पाहणीत टिकली नाही.

जवळचं उदाहरण केरळचं. वायनाडच्या सरकारी प्राथमिक शाळेत हात धुण्याच्या जागी भिंतीवर पंजाच्या आकाराचा ‘पेपे’ लावला. काम अमृता विश्व विद्यापीठम् आणि ग्लासगो विद्यापीठाचं. हात धुणं ४० टक्क्यांनी वाढलं. पण पेपेच्या तोंडून दूर बसलेलं माणूसच बोलत होतं, हे मला जास्त मोलाचं वाटतं. गप्प बसलेलं मूल माणसाला कळतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचं असतं. त्या दिवशी आता मी वहीत एवढंच टिपतो, की नाव विचारल्यावर मूल आजीकडे किती वेळ बघतं. मागच्या खेपेला एका मुलीनं मी अकरा मोजेतोवर तोंड उघडलं नाही. मग पदराआडून नाव सांगितलं आणि वर माझंही विचारलं.