ब्रेकचा पाइप जोडू नका, बदला

आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी अनेकांचा धंदा जुन्या गाडीवर चालतो. इंजिनाचा आवाज बदलला की आपण लगेच गॅरेज गाठतो. परंतु गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या ब्रेकच्या बारीक पाइपकडे कोणी वाकून पाहत नाही.

आम्हीही पाहिले नव्हते. एका पावसाळ्याच्या अखेरीस कोकणातल्या उतारावर, माल भरलेला असताना, आमच्या जुन्या व्हॅनचे ब्रेक पेडल जवळजवळ तळाला गेले. मास्टर सिलिंडरला दोन कप्पे असल्याने पुढच्या चाकांचा ब्रेक शिल्लक होता. हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी थांबली. खाली पाहतो तो मागच्या चाकाकडे जाणारा पाइप क्लिपखाली गंजून टाचणीच्या टोकाएवढा फुटलेला.

हा पाइप लोखंडी, सुमारे पावणेपाच मिलिमीटर जाडीचा असतो. क्लिपखाली चिखल अडकतो, समुद्राची खारी हवा त्याला ओली ठेवते आणि गंज आत शिरतो. जोरात ब्रेक मारला की या पाइपात टायरमधल्या हवेच्या तीसपटीहून अधिक दाब येतो. तेवढा भाग कापून पितळी जॉइंट टाकण्याचा सल्ला आम्हालाही मिळाला होता. आम्ही तो मानला नाही. पाण्याच्या नळाला चालणारा जॉइंट या दाबाखाली सुटू शकतो. पाइप संपूर्ण बदलणे हाच उपाय.

फ्रिज-एसीच्या कामातली तांब्याची नळी स्वस्त पडते, पण ती लावू नये; सततच्या हादऱ्याने ती कडक होऊन तडकते. ब्रेकसाठीच बनवलेला लेप दिलेला लोखंडी किंवा तांबे-निकेलचा पाइप घ्यावा. तांबे-निकेल गंजत नाही आणि हाताने सहज वळतो.

घरी काम करताना चाकांना दगड लावावेत व गाडी मजबूत स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकवर टाकून खाली शिरू नये. नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारावे. साध्या फिक्स पान्याने नटाचे कोपरे झिजतात. फ्लेअर नटाचा पाना वापरावा. जुना पाइप अखंड काढला तर तोच नमुना होतो. नवा पाइप करवतीने न कापता पाइप कटरने कापावा, म्हणजे आत कीस जात नाही.

खरी कसोटी फ्लेअरची, म्हणजे पाइपचे तोंड फुलवण्याची. फ्रिजवाल्यांचे साधे यंत्र एकपदरी तोंड करते. ब्रेकच्या लोखंडी पाइपला ते चालत नाही. जुन्या पाइपला जसे तोंड असेल तसेच नव्याला हवे. नट आधी पाइपात घालावा. आम्ही तो विसरलो आणि केलेले तोंड कापून टाकावे लागले. योग्य यंत्र नसेल तर एवढे काम जाणत्या उस्तादांकडून करून घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

पाइप क्लिपमध्ये बसवून सायलेन्सरपासून दूर ठेवावा. ब्रेक ऑइल गाडीच्या पुस्तकात सांगितलेले, नव्या सीलबंद डब्यातलेच घ्यावे. उघड्या डब्यातले ऑइल हवेतला ओलावा शोषते. इंजिन ऑइल चुकूनही घालू नये, रबरी वॉशर फुगतात. पुस्तकातील क्रमाने चारही चाकांची हवा काढावी. मग पेडल पूर्ण जोराने एक मिनिट दाबून धरावे व दुसऱ्या माणसाने प्रत्येक जोड पाहावा. ओल दिसली किंवा पेडल हळूहळू खाली बसले, तर गाडी हलवू नये. सर्व ठीक असेल तरच मोकळ्या सपाट जागेत कमी वेगाने चाचणी घ्यावी.

एक पाइप गंजला असेल तर बाकीचेही त्याच वयाचे आहेत, हे विसरू नये. आम्ही मागचे सर्व पाइप एकदमच बदलले. पासिंगच्या दिवशी ब्रेक लागला म्हणजे पाइप शाबूत आहे असे नाही. या पावसाळ्यानंतर आपण एकदा बॅटरी घेऊन गाडीखाली पाहावे. माल उशिरा पोहोचला तर गिऱ्हाईक समजून घेईल. रस्त्यावरच्या माणसाला दुसरी संधी नसते.