जयंतीचा खाऊ : आधी पाणी, मग गोडी

११ एप्रिलला जोतीराव फुले यांची जयंती, १४ एप्रिलला बाबासाहेबांची, आणि पुढे वैशाखात बुद्ध पौर्णिमा. पुण्यातल्या आपल्या वस्त्यांचे हे आनंदाचे दिवस. मुलांच्या परीक्षा आटोपत आलेल्या असतात. तेरा तारखेच्या रात्री बारा वाजता केक कापला जातो. चौदाला स्टेशनजवळच्या पुतळ्याला अभिवादन करून लेकरं घामाघूम होऊन परततात, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी सरबताचा पिंप तयार असतो. विहारात खाऊ वाटला जातो आणि पाहुण्यारावळ्यांनी घर भरून जातं.

काही वर्षांपूर्वी असाच एक पिंप आमच्या गल्लीत होता. ढवळणाऱ्यांत मीही होते. पाणी कुठून भरलं, बर्फाची लादी कुठून आली, हे कुणीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घराघरांतून मुलांना उलट्या-जुलाब सुरू झाले. शेजारच्या दीड वर्षाच्या पोरीचे डोळे खोल गेले होते. वेळेत दवाखाना गाठला म्हणून ती वाचली. सरबतात प्रेम भरपूर होतं, पण काळजी घ्यायची राहून गेली होती. तेव्हापासून जयंती जवळ आली की मी खाऊच्या यादीआधी पाण्याची चौकशी करते.

पुण्यात आपल्याला पाणी सहज मिळालेलं नाही. गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद जोतीरावांनी १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. ज्या समाजाला घोटभर पाण्यासाठी एवढा लढा द्यावा लागला, त्याच्या लेकरांना जयंतीच्या दिवशी त्याच पाण्यातून दुखणं मिळू नये.

ही भीती उगाच नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएसचे रुग्ण वाढले. हातापायांतली ताकद घालवणारा हा आजार. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला. दूषित पाण्यातून आणि अर्धवट शिजलेल्या कोंबडीतून तो पोटात जातो. पाणी दिसायला स्वच्छ असलं म्हणजे ते पिण्याजोगं असतंच असं नाही, हे तेव्हा साऱ्या शहराला कळलं.

खाऊ करण्याआधी चार गोष्टी

पाणी : सरबताचं पाणी आदल्या रात्री खळखळून उकळा आणि झाकून निवू द्या. एवढं पाणी उकळणं जमत नसेल तर क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मात्रेत घाला आणि अर्धा तास थांबा. हे थेंब आशाताईंकडे किंवा महापालिकेच्या दवाखान्यात मागून पाहा. पाणी घासून-धुऊन घेतलेल्या, तोटी असलेल्या माठात किंवा पिंपात भरा. तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. पेला किंवा हात आत बुडवू देऊ नका.

बर्फ : लादीचा बर्फ पुष्कळदा मासळी आणि माल गार ठेवण्यासाठी बनवलेला असतो. न खाण्याचा बर्फ ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून त्यात निळा रंग घालण्याचा नियम आहे. पण बर्फ पांढरा दिसला म्हणून तो खाण्याचाच, असं धरून चालू नका. माठाभोवती ओलं फडकं गुंडाळून तो सावलीत ठेवला की पाणी पुरेसं गार होतं.

हात : वाटप करणाऱ्यांनी साबणाने हात धुवावेत. ज्याच्या बोटाला जखम किंवा पू आहे, ज्याचं पोट बिघडलं आहे, त्याने त्या दिवशी खुर्च्या मांडाव्यात, खाऊला हात लावू नये.

वेळ : शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असा साधा नियम आहे. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. एप्रिल-मेमध्ये पुण्यातल्या दुपारी त्याहून तापलेल्याच असतात. म्हणून एकदम मोठं पातेलं चढवण्यापेक्षा दोन-तीन वेळा थोडंथोडं करा.

सोपे पदार्थ, पन्नास जणांचा अंदाज

लिंबू सरबत : आठ लिटर निवलेलं पाणी, पंचवीस लिंबं, पाऊण किलो साखर, दोन चहाचे चमचे मीठ, वर थोडी जिरेपूड. साखर घालण्याआधी दोन लिटर पाणी वेगळं काढून त्यात नुसतं लिंबू, मीठ, जिरं घाला, आणि साखरही त्या मानाने कमी करा. हा बिनसाखरेचा भाग मधुमेह असलेल्या आजी-आजोबांसाठी. त्या भांड्याला वेगळ्या रंगाची चिठ्ठी लावा, म्हणजे कुणाला चारचौघांत विचारावं लागत नाही. ज्यांना रक्तदाब आहे त्यांच्या पेल्यात मीठही नको.

गोकर्णाचं निळं सरबत : मुलांची खरी गंमत इथे आहे. कुंपणावर निळी गोकर्ण फुललेली असेल तर वीस-पंचवीस फुलं तोडा. औषध फवारलेली नकोत, आणि गोकर्णच आहे याची खात्री करून घ्या. ती धुऊन लिटरभर उकळत्या पाण्यात दहा मिनिटं झाकून ठेवा. पाणी गडद निळं होतं. गाळून, थोडी साखर घालून निवू द्या. मग मुलांसमोर पेल्यात लिंबू पिळा. निळ्याचं बघता बघता जांभळं होतं! फुलातला रंग आंबट लागताच बदलतो. खाऊसोबत विज्ञानाचा एक धडाही होतो. गरोदर बायकांनी मात्र साधं लिंबू सरबतच घ्यावं.

मटकीची भेळ : एक किलो मटकीला मोड आणा. मोड कच्चे वाटू नका, कारण उबेत मटकीबरोबर जिवाणूही वाढतात. चिमूटभर हळद-मीठ घालून वाफवून घ्या आणि पसरून निववा. अर्धा किलो कुरमुरे, बारीक चिरलेला कांदा, कैरीचे तुकडे, कोथिंबीर, भाजलेले दाणे वेगवेगळे ठेवा आणि मुलं रांगेत उभी राहिली की लागेल तसं कालवा. पोट भरतं, प्रथिनंही मिळतात, आणि कैरीमुळे चिंचेच्या पाण्याची गरज लागत नाही.

दाण्याचे लाडू : एक किलो शेंगदाणे मंद भाजा, सालं काढा, जाडसर कुटा. सहाशे ग्रॅम गूळ किसून त्यात मिसळा आणि पुन्हा एकदा कुटा, म्हणजे दाण्याचं तेल सुटून लाडू वळले जातात. पन्नास लहान लाडू होतात. पाण्याचा हात लागला नाही तर ते आठवडाभर टिकतात, म्हणून चार दिवस आधी करून मोकळं होता येतं. गूळही शेवटी साखरच आहे, तेव्हा मधुमेहींनी तो औषध समजू नये. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नका, श्वासनळीत अडकतात. त्यांना लाडू बारीक कुटाचाच हवा. कुणाला दाण्याने अंगावर पित्त उठत असेल तर आधी विचारून घ्या.

उकडलेली अंडी : ज्या घरांत अंडं चालतं तिथे याहून सोपा खाऊ नाही. दहा-बारा मिनिटं उकडा, टरफलासकट ठेवा आणि वाटताना सोला. दोन फोडी करून वर कांदा, लिंबू, तिखट-मीठ घाला. वाढत्या अंगाच्या मुलांना आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना हे आधी द्यावं.

कलिंगड : अख्खंच आणा, साल धुवा, सुरी धुवा आणि वाटण्याच्या वेळीच कापा. गाडीवर आधीच कापून ठेवलेले काप नकोत.

बुद्ध पौर्णिमेची खीर : सुजाताने सिद्धार्थाला दिलेल्या खिरीची आठवण म्हणून विहारात खीरदान होतं. पाच लिटर दूध, अर्धा किलो तांदूळ, सहाशे ग्रॅम साखर, थोडी वेलची घेतली की पन्नास लहान वाट्या होतात. तांदळातले काही जिवाणू शिजवूनही पुरते मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते पुन्हा वाढतात. म्हणून खीर वंदनेच्या वेळेला बेतून करा, गरम वाढा, उरली तर सकाळसाठी ठेवू नका. सकाळी केलेली खीर रात्री वाटण्यापेक्षा रात्रीच दोन शेगड्यांवर केलेली बरी.

निळा रंग झेंड्यावर शोभतो

जयंतीच्या केकवर निळ्या क्रीमचे थर असतात आणि मुलांच्या जिभा दिवसभर निळ्या दिसतात. क्रीम उन्हात लवकर बिघडतं, आणि रंग किती घातला ते आपल्याला कळत नाही. केक हवाच असेल तर साधा, बिनक्रीमचा घ्या आणि त्यावर छोटा निळा झेंडा रोवा. जत्रेतल्या भडक गुलाबी म्हातारीच्या केसांपासून मुलांना लांब ठेवा. त्यात रोडामाइन-बी हा कापड रंगवण्याचा रंग सापडल्यावर तमिळनाडू सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी घातली होती. कोल्ड्रिंकचंही तसंच. ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत साधारण तीस ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. चहात एवढी साखर आपण पोराला कधी घालू का?

पोट बिघडलंच तर

उलट्या-जुलाब सुरू होताच ओआरएसचं पाकीट पाकिटावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात विरघळवून घोट-घोट पाजा. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. हे माप चुकवू नका, जास्त मीठ घातक ठरतं. अंगावरचं दूध थांबवू नका, जेवणही तोडू नका. सरकारी दवाखान्यात लहान मुलांसाठी झिंकच्या गोळ्या मिळतात. जुलाब थांबले तरी सांगितलेले दिवस त्या पूर्ण द्या.

मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, पाणी पोटात ठरेना, लघवी होईनाशी झाली किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. तसंच जुलाबानंतर काही दिवसांनी हातापायांना मुंग्या येऊन ताकद कमी वाटू लागली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

शेवटचं एक मंडळाच्या पोरांसाठी. वर्गणीची यादी करताना साऊंडच्या रकमेखाली पाणी, साबण आणि ओआरएस असं लिहा. त्याचा खर्च फारसा होत नाही. पातेली घासायला आणि भेळ कालवायला तुम्ही पुढे व्हा. हे सगळे पदार्थ मुद्दाम सोपे निवडले आहेत, म्हणजे वर्षभर चुलीपुढे असणाऱ्या आपल्या आयाबहिणींना त्या दिवशी वंदनेला आणि व्याख्यानाला पुढच्या रांगेत बसता येईल.