कुणाच्यातली गं तू?

एकटीनं जत्रेला जायचं? चैत्राच्या भर उन्हात उंब्रजजवळच्या चाफळला एक दिवस काढून बघितला, त्याची ही गोष्ट.

एकटीनं सिनेमा बघण्यात आता काही विशेष राहिलेलं नाही. कॅफेत कोपऱ्यातलं टेबल पकडून लॅपटॉपसमोर चार तास बसणं तर रोजचंच. सोलो ट्रिप करून हिमाचलला जाऊन आलेली एखादी मैत्रीण तुमच्याही ऑफिसात असेल. पण जत्रेला एकटं जाऊन आलेलं कुणी माहितीये? जत्रा म्हणजे गोतावळा. मामा, आत्या, चुलत भावंडं, कडेवर पोर, हातात पिशव्या. तिथं एकट्या माणसानं करायचं काय? मला हेच बघायचं होतं.

उंब्रजला उतरायचं!

निवड केली चाफळच्या रामनवमीची. पुण्याहून कराडकडे जाणारी एसटी पकडायची, साताऱ्याच्या पुढं उंब्रजला उतरायचं आणि तिथून वडापनं दहा-बारा किलोमीटर आत. मांड नदीकाठचं हे गाव पाटण तालुक्यातलं. समर्थ रामदासांनी इथं १६४८ मध्ये राममंदिर उभारलं. मंदिराचं आत्ताचं रूप उद्योगपती अरविंद मफतलाल यांच्या पुढाकारानं झालेल्या जीर्णोद्धारातलं आहे. रामासमोर हात जोडलेला दास मारुती आणि देवळामागं प्रताप मारुती. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी दोन तर इथंच भेटतात. समर्थ कृष्णेच्या स्नानासाठी चाफळहून उंब्रजला जात, असं सांगतात. म्हणजे या रस्त्यावर एकट्यानं फिरण्याची परंपरा तशी जुनीच म्हणायची!

चैत्र म्हणजे या भागातला जत्रांचा सीझन. रब्बीची पिकं घरात आलेली, पाऊस लांब, शाळा सुटण्याच्या बेतात. गावोगावच्या जत्रा लागतात आणि मुंबईकर गावाकडं वळतात. या खोऱ्यातल्या कितीतरी घरांतला माणूस मुंबईत माथाडी कामगार आहे. ज्यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला, ते अण्णासाहेब पाटीलही पाटण तालुक्यातलेच. त्यामुळे आमच्या वडापमध्ये अर्धी गर्दी नवी मुंबईची होती आणि गप्पांचा विषय एकच, कोण कुणाकडं उतरणार.

माझ्याकडं त्याचं उत्तर नव्हतं.

अकरा वेळा तोच प्रश्न

"कुणाकडं आलायसा?" पहिला प्रश्न वडापमधल्या काकांचा. मग नारळवाल्याचा. मग रसवंतीवाल्या मावशींचा. मंदिराच्या पायऱ्यांपर्यंत मी मोजत होते, अकरा झाले. 'कुणाकडंच नाही, सहजच आलेय' म्हटलं की समोरचा क्षणभर गप्प. मग हमखास पुढचा बॉल, "एकटीच?"

खरं सांगू, डोकं फिरायला लागलं होतं. शहरात शेजारच्या फ्लॅटमधला माणूस तीन वर्षांत नाव विचारत नाही. इथं ऊस गाळता गाळता सात पिढ्या काढायला निघालेले! त्यात बांगड्यांच्या स्टॉलपासून तीन पोरं मागं मागं येत होती. काही बोलत नव्हती. पण असं 'काही न बोलणं' काय असतं, हे वाचणाऱ्या मुलींना वेगळं सांगायला नको.

सभामंडपात बायकांच्या गर्दीत घुसले. एका आजींनी हात धरून खाली बसवलं. "कुणाच्यातली गं तू?" बारावा प्रश्न. मी काही बोलायच्या आत त्यांनी मागं वळून त्या पोरांकडं बघितलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "आणि तुम्ही रं कुणाच्यातली?" पोरं गायब!

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हा प्रश्न नुसता भोचकपणा नाही, ती जत्रेची सिक्युरिटी आहे. इतक्या गर्दीत कोण कुणाचं हे माहीत असलं की हरवलेलं पोर घरी पोचतं आणि आगाऊ पोराच्या बापापर्यंत तक्रारही पोचते. अर्थात ही सिक्युरिटी फुकट नसते. पुढच्या अर्ध्या तासात आजींनी माझं वय, पगार आणि लग्न का नाही, हे सगळं काढून घेतलं. बरोबर बाराला रामजन्म झाला. पाळणा हलला, गुलाल उडाला, तळहातावर सुंठवडा आला. कपाळाला गुलाल लावताना आजींनी शेजारणीला सांगून टाकलं, "आमच्यातलीच हाय."

पाळण्यात दोघी

संध्याकाळी ऊन उतरलं आणि जत्रा खरी रंगात आली. भेळ, गोडी शेव, पिपाण्या, बर्फाचे गोळे. मला बसायचं होतं आकाशपाळण्यात. पाळणेवाला म्हणाला, "एकट्याला नाय, जोडीनं बसा." रांगेतून एक मुलगी पुढं आली. माझ्याच वयाची, डोक्यावर पदर. "मी बसते ताईंबरोबर," म्हणाली आणि कडेवरचं बाळ नवऱ्याच्या हातात देऊन मोकळी झाली.

पाळणा वर गेला. खाली मांडेचं पात्र, बत्त्या, मंदिराचं शिखर. ती सकाळपासून चौदा पाहुण्यांच्या फराळाचं बघत होती. जत्रेत फिरायला मिळाला होता अर्धा तास. "तुम्ही दिवसभर एकट्याच फिरलात?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. आता येणार ते दोन्ही प्रश्न, म्हणून मी तयारीत होते. ती खाली बघत म्हणाली, "कसं वाटतं?"

दिवसभरात हे कुणी विचारलंच नव्हतं. मी कुणाचीच नाही, याचं मला सकाळपासून अवघडलेपण आलं होतं. आणि शेजारी बसलेली, सगळ्यांची असलेली मुलगी त्याच गोष्टीची चव विचारत होती. "सकाळी भीती वाटली, आता छान वाटतंय," मी म्हटलं. ती हसली. पाळणा खाली आला तसं बाळ रडायला लागलं आणि ती पदर सावरत पळाली.

जायचंय? मग हे वाचा

कधी : चैत्र शुद्ध नवमी, म्हणजे मार्चअखेर ते एप्रिल. जन्म दुपारी बाराला, त्यामुळे दहापर्यंत पोचा.

कसं : एसटीनं उंब्रज, पुढं एसटी किंवा वडाप. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. परतीची शेवटची गाडी आधीच विचारून ठेवा.

जाता जाता : उंब्रज, माजगाव आणि शिंगणवाडीचे मारुती. हेही अकरा मारुतींपैकीच.

सोबत : टोपी, पाण्याची बाटली, सुटे पैसे. आणि 'कुणाकडं आलायसा?' याचं एखादं उत्तर.